रत्नागिरी जिल्ह्यातील रुग्ण आणि वेळेचा हिशेब : फुरशाच्या दंशाच्या अनुषंगाने

वैद्यकाचा इतिहास लिहिताना दवाखाने केव्हा स्थापन झाले, शल्यचिकित्सक कोठे नेमले गेले, कोणती लस कोणत्या वर्षी आली, या क्रमाने मांडणी करण्याची आपल्याकडे रीत आहे. शासकीय अहवाल याच क्रमाने लिहिलेले असल्यामुळे हे स्वाभाविकच होय. परंतु ज्याच्यासाठी हे सर्व उभे राहिले तो रुग्ण दवाखान्याच्या दारात कोणत्या दिवशी, दुखणे सुरू झाल्यापासून किती वेळाने आणि वाटेत कोणकोणाचे उंबरठे झिजवून पोहोचला, असा प्रश्न विचारला म्हणजे तीच साधने निराळे काही सांगू लागतात. प्रस्तुत लेखात हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यापुरता विचारला आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या काळाविषयी लिहिताना ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतचा सलग मुलूख समजावा.

लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या जिल्ह्यात डॉक्टरची भेट केव्हा व्हावी हे दुखण्याने क्वचितच ठरविले. ते समुद्राने, शेताच्या कामाने, बाजाराच्या दिवसाने आणि पुढे एस. टी.च्या वेळापत्रकाने ठरविले. जी दुखणी थांबू शकत होती ती या वेळापत्रकात बसली. जी थांबू शकत नव्हती त्यांच्यासाठी रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी स्वतःची एक रीत बसविली. त्या रीतीला केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला परवडणारे नाही.

प्रथम भूगोलाचा विचार करू. १८२२ मध्ये जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस हलविण्यात आले. रत्नागिरी हे किनाऱ्याच्या मध्यावरचे बंदर असल्याने राज्यकारभाराच्या दृष्टीने ही निवड योग्यच होती. तथापि गावात राहणाऱ्या माणसाला किनाऱ्याचा मध्य हा सोयीचा मध्य नव्हे. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्या सह्याद्रीवरून उतरून खाड्यांच्या रूपाने समुद्राला मिळतात आणि जिल्ह्याचे आडवे तुकडे पाडतात. नकाशावर पाच-सहा मैलांवर दिसणारे गाव खाडीपलीकडे असले, तर तेथे जाणे तरीवर आणि तरीवाल्याच्या मर्जीवर अवलंबून असे; भरती-ओहोटीचाही त्यात हिशेब असे. रात्री तर बंद. ज्येष्ठ लागला की समुद्रही बंद. नारळी पौर्णिमेनंतर तो पुन्हा उघडावयाचा. म्हणजे वर्षातील ज्या महिन्यांत भातलावणीमुळे माणसे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चिखलात व गवतात असत, ज्या दिवसांत ताप, हगवण आणि सर्पदंश यांची भर असे, नेमक्या त्याच दिवसांत वाट तुटलेली असे.

१८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या दहाव्या खंडात रत्नागिरी आणि सावंतवाडी यांचे वर्णन आहे. त्या काळचे चित्र असे : मुख्य ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटल आणि मोजक्या मोठ्या गावांतून व बंदरांतून दवाखाने. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले कुष्ठरुग्णालयही रत्नागिरीस होते. या शेवटच्या संस्थेकडे आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कुष्ठरोग हा वर्षानुवर्षे चालणारा रोग. त्याला घाई नाही. अशा रोगासाठी ठाण्याच्या गावी एक इमारत बांधली की ती संपूर्ण जिल्ह्याला पुरू शकते. प्रसूतीतील अडचण, सर्पदंश, झाडावरून पडणे यांना तशी इमारत पुरत नाही, कारण रुग्ण आणि इमारत यांच्यामधील खाडी तशीच राहते.

जी दुखणी थांबू शकत, त्यांच्यासाठी दवाखान्यात जाणे हे एक नियोजित काम असे. तालुक्याच्या गावी कचेरीचे काम निघाले, बाजार करावयाचा असला, लग्नाचे कापड आणावयाचे असले, म्हणजे त्याच खेपेत म्हातारीचे डोळे दाखवावयाचे आणि पोराची नायटा-खरूज. औषधाची रिकामी बाटली घरून न्यावयाची. कंपाउंडरने तीत मिक्श्चर भरून बाहेरून कागदाची दातेरी पट्टी चिकटवावयाची आणि एका दात्याला एक मात्रा असे सांगावयाचे. आठ मात्रा संपल्या की पुन्हा यावे असे डॉक्टरांनी सांगितले, तरी पुढची फेरी बाटली संपल्यावर होत नसे, ती पुढचे काम निघाल्यावर होई. ज्येष्ठ पिढीतील माणसांच्या आठवणी ऐकल्या की ही बाटली हटकून निघते. गोळ्या-इंजेक्शनांच्या काळात ती नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर मात्रेचा डोळ्यांना दिसणारा हिशेबही गेला.

डॉक्टरला घरी बोलावणे, म्हणजे ‘व्हिजिट’, ही गोष्ट सर्वांच्या आवाक्यातील नव्हती. व्हिजिटीच्या फीपेक्षा डॉक्टरला आणण्या-पोहोचविण्याचा खर्च मोठा. होडी, पुढे बैलगाडी किंवा डोली, आणि डोलीला माणसे. ज्याच्याकडे हक्काची माणसे त्याच्याकडे डॉक्टर येणार, असा हा सरळ व्यवहार होता; आणि १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट होईपर्यंत हक्काची माणसे बहुधा खोताकडेच असत. कुळाच्या घरातला रुग्ण त्याच डोलीतून उलट दिशेने, म्हणजे स्वतः डॉक्टरकडे, जाई. डोलीही नसली तर घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी खांद्यावर घ्यावयाची. रस्ता नसलेल्या वाडीवरून रुग्ण झोळीतून खाली आणल्याच्या बातम्या आजही पावसाळ्यात वाचावयास मिळतात.

दुखणे मोठे असले, शस्त्रक्रियेचे असले, तर रत्नागिरीचा माणूस दोन दिशांना पाहत असे. आंबा घाट चढून कोल्हापूर-मिरजेकडे, जेथे १८९४ पासून डॉ. वान्लेस यांचे मिशन रुग्णालय होते. किंवा आगबोटीने मुंबईकडे. यांतील दुसरी वाट अधिक वहिवाटीची, आणि तिचे कारण वैद्यकीय नव्हते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता. घरातील एक तरी चाकरमानी परळ, लालबाग किंवा गिरगावात असे. निदान गावमंडळाची खोली असे. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ पासून होतेच. १९२६ मध्ये परळला के. ई. एम. रुग्णालय उघडले, तेव्हा ते जणू कोकणच्या माणसाच्या चाळीच्या दाराशीच आले. रुग्णाने आगबोटीने उतरावे, खोलीवर मुक्काम करावा, चाकरमान्याने पाळी सांभाळून पहाटे रांगेत उभे राहावे आणि केसपेपर काढावा. नंबर आज लागला नाही तर उद्या. या अर्थाने गावमंडळाची खोली ही मुंबईच्या रुग्णालयांची प्रतीक्षाशाळाच होती. गिरणगावाच्या सामाजिक इतिहासात या खोल्यांचा उल्लेख भजनी मंडळ आणि भिशी यांच्या संदर्भात येतो. रुग्णांच्या संदर्भात तो यावा तितका आलेला नाही.

ही वाटही हंगामी होती. आगबोट धक्क्याला लागत नसे; ती समुद्रात नांगर टाकी आणि पडावांतून उतारू चढविले-उतरविले जात. आजारी माणसाला हलत्या पडावातून आगबोटीवर चढविणे हे काय काम असेल याची कल्पना करावी. हंगाम उघडा असला म्हणजे धोका टळला असेही नव्हे. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही आगबोटी बुडाल्या. एकदा मात्र या वाटेची दिशाच फिरली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाल्यावर माणसे मुंबई सोडून गावी धावली. १८९७ च्या साथरोग कायद्याने जहाजांची आणि उतारूंची तपासणी करण्याचे अधिकार सरकारला दिले. जी आगबोट रुग्णाला डॉक्टरकडे नेत होती तीच आता संशयिताला डॉक्टरच्या तपासणीखाली आणू लागली. डॉक्टरपासून दुखणे लपविण्याची जी वृत्ती पुढे अनेक वर्षे अधिकाऱ्यांच्या तक्रारीचा विषय झाली, तिची मुळे केवळ जुन्या समजुतींत शोधू नयेत. या तपासणीच्या अनुभवातही शोधावीत.

आता न थांबणाऱ्या दुखण्याकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत त्याचे नाव फुरसे. फूट-दीड फुटाचा हा सर्प जांभ्याच्या कातळावर, दगडांच्या फटींत, गवताच्या भाऱ्यात सापडतो. डिवचला असता अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतो. रंग जमिनीचाच, त्यामुळे दिसत नाही. गवत कापणारी, फाटी गोळा करणारी, अनवाणी बांधावरून जाणारी माणसे, म्हणजे मुख्यतः स्त्रिया, मुले आणि मजूर, हे त्याचे भक्ष्य नसले तरी त्याचे बळी होत.

ब्रिटिश सरकारला या सर्पाची दखल घ्यावी लागली, आणि ती त्याने ज्या रीतीने घेतली ती बोलकी आहे. सरकारने मारलेल्या सर्पामागे इनाम लावले. १८६२ च्या डिसेंबरात इनाम वाढविताच थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. आकडा थक्क करणारा आहे आणि सर्पशास्त्रावरील ग्रंथांत तो पुन्हा पुन्हा उद्धृत झाला आहे. आमच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळी. मेलेले फुरसे कचेरीत नेले तर पैसे मिळत. फुरसे चावलेल्या माणसाला नेले तर देण्यासारखे काहीही दवाखान्यात नव्हते. डोंगरातील वाडीवरून माणसे मेलेल्या सर्पांची गाठोडी घेऊन ठाण्यापर्यंत चालत गेली, याचा अर्थ वाट चालण्याची त्यांची तयारी होती. वाटेच्या टोकाला उपयोगाचे काही असेल तर माणूस जातो, हे या इनामाच्या प्रकरणाने सरकारच्याच दप्तरात नोंदवून ठेवले आहे.

दंश झालेला माणूस मग कोठे जाई? मांत्रिकाकडे, भगताकडे, झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे; कोठे देवाला कौल लावून कोणाकडे जावे हे विचारले जाई. या वर्तनाचा विचार करताना फुरशाच्या विषाचा स्वभाव ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे. नागाचे विष मज्जातंतूंवर आघात करते आणि काही तासांत श्वास बंद पाडू शकते. फुरशाचे विष रक्तावर काम करते. दंशाची जागा सुजते, रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी होते, हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त येऊ लागते; मृत्यू आलाच तर तो पुष्कळदा काही दिवसांनी येतो. शिवाय बहुसंख्य दंश प्राणघातक ठरत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र घ्या. पहिल्या रात्री माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. सकाळी मांत्रिकाने ‘विष उतरले’ असे सांगितले तर ते सर्वांना पटते, कारण दहांतील बहुतेक वेळा ते खरेच ठरते. उरलेल्या वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी रक्तस्रावाने मृत्यू होतो, तेव्हा त्याचा संबंध त्या रात्रीच्या निर्णयाशी जोडणे घरच्यांना कठीण जाते. मांत्रिकाची प्रतिष्ठा अशा रीतीने विषाच्या संथपणावर उभी होती. जेथे नाग किंवा मण्यार अधिक, तेथील मांत्रिकाला एवढे यश मिळणे अवघड.

मांत्रिकाकडे जाण्यात आणखी एक व्यावहारिक बाजू होती. तो गावात असे, रात्री उठे, आणि त्याच्याकडे नंबर लावावा लागत नसे. आणीबाणीच्या सेवेची जी लक्षणे आज आपण सांगतो, जवळ असणे, अहोरात्र उपलब्ध असणे, आधी पैसे न मागणे, ती सर्व त्याच्याकडे होती. एक गुणकारी औषध सोडून. आणि गुणकारी औषध, हे विसरता कामा नये, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरकडेही नव्हते.

हे विधान थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण प्रतिविषाचा इतिहास सांगताना १८९५ च्या सुमाराच्या काल्मेत यांच्या संशोधनापासून एक सरळ रेषा काढण्याची सवय आहे. काल्मेत यांनी नागाच्या विषावर घोड्याच्या रक्तद्रव्यापासून प्रतिविष तयार केले आणि ते सर्व सर्पविषांवर चालेल अशी त्यांची प्रथम समजूत होती. मुंबईत परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत प्रयोगांनी दाखवून दिले की तसे नाही. एका सर्पाच्या विषाचे प्रतिविष दुसऱ्या जातीच्या सर्पावर चालत नाही. पुढे कसौलीच्या संस्थेत भारतात प्रतिविष तयार होऊ लागले, ते नाग आणि घोणस या दोन सर्पांच्या विषावरचे होते. फुरसे त्यात नव्हते. म्हणजे त्या काळात रत्नागिरीचा एखादा रुग्ण सर्व खाड्या ओलांडून, वेळेत, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोहोचला असता, तरी त्या कुपीत त्याच्या दुखण्याचे औषध नसते. परळच्या त्याच प्रयोगशाळेने, जिचे नाव १९२५ पासून हाफकिन संस्था आहे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सर्पांवरचे बहुगुणी प्रतिविष तयार केले, तेव्हा कोठे डॉक्टरकडे धाव घेण्याला या जिल्ह्यात वैद्यकीय अर्थ आला. त्यापूर्वीच्या रुग्णाला ‘वेळेवर आला नाही’ असा दोष देणारे शेरे वाचताना ही तारीख समोर ठेवावी.

फुरशाच्या संथपणाची दुसरी बाजूही आहे. प्रतिविष हाती आल्यावर हाच संथपणा रुग्णाच्या बाजूने उभा राहतो. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग कलती करून पाहावयाची. रक्त पातळच राहिले तर प्रतिविष द्यावयाचे. या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करता येते आणि ठरावीक तासांनी पुन्हा करता येते. एवढ्या साध्या साधनाने ‘रात्री काय करावे’ हा प्रश्न बराच सुटतो, मात्र रात्री केंद्रात डॉक्टर असला पाहिजे आणि कपाटात कुप्या असल्या पाहिजेत.

विंचवाची गोष्ट याच्या अगदी उलट. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर व फुप्फुसांवर परिणाम होऊन काही तासांतच, विशेषतः लहान मूल, दगावू शकते. येथे मुंबई-मिरजेचा उपयोग नाही. शेजारच्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाची लक्षणे बारकाईने नोंदविली. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत. हे प्रमाण नंतर अगदी थोड्यावर आले. लेखकाच्या मते कोकणच्या वैद्यकीय इतिहासात या कामाचे मोल केवळ औषधामुळे नाही. रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे नेण्याऐवजी उपचार रुग्णाच्या तासांच्या आत आणून ठेवणे, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे घडले. आणि तेही मोठ्या संस्थेत नव्हे, ग्रामीण केंद्रात, रुग्णाच्या खाटेपाशी रात्री जागून.

स्वातंत्र्योत्तर काळात वेळेचा हिशेब पुष्कळ बदलला. १९४८ मध्ये राज्य परिवहन सुरू झाले आणि हळूहळू एस. टी. गावोगाव पोहोचली. मुक्कामाला येणारी आणि पहाटे सुटणारी ‘वस्तीची गाडी’ ही अनेक गावांत रुग्णाची पहिली खात्रीची वेळ ठरली. रात्री दुखू लागले की ‘पहाटेच्या गाडीने नेऊ’ असे वाक्य घरात उच्चारले जाई. ते धीराचेही होते आणि विलंबाचेही. खाड्यांवर पूल झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पावसाळ्यातही मुंबई बंद राहिली नाही. चिपळूण तालुक्यात डेरवण येथे १९९६ पासून वालावलकर रुग्णालय आहे. २०२३ मध्ये रत्नागिरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१४ मध्ये राज्यभर ९३७ रुग्णवाहिकांची १०८ क्रमांकाची सेवा आली, तेव्हा प्रथमच आणीबाणीच्या रुग्णाला विनामूल्य वाहन बोलावण्याचा मार्ग मिळाला. तथापि २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा रस्ता, वीज आणि दूरध्वनी तिन्ही तुटले. पावसाळ्याचे जुने वेळापत्रक पुसले गेले असे समजण्याची घाई करू नये.

कायद्यानेही रुग्णाच्या वेळेची दखल उशिरा का होईना घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात जखमी माणसावर प्रथम उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्यानंतर, असा निर्णय दिला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. या कलमात ‘रोखणे’ हा शब्द योजला आहे, तो विचारपूर्वक योजला आहे असे वाटते. मांत्रिकाकडे जाणाऱ्या घाबरलेल्या कुटुंबावर त्याने रोख धरलेला नाही.

प्रतिविषाविषयी एक शंका मात्र अभ्यासकांनी पुन्हा उपस्थित केली आहे. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे सर्पविष दीर्घकाळ मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येत आले. एकाच जातीच्या सर्पाचे विष प्रदेशागणिक बदलते हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. तेव्हा कोकणच्या कातळावरील फुरशाच्या विषाला दक्षिणेतील फुरशाच्या विषापासून केलेले प्रतिविष कितपत पुरते, हा लँब यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचाच पुढचा भाग होय. केंद्र शासनाच्या २०२४ च्या सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृतियोजनेत २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या प्रश्नाचे उत्तर त्यात येणे क्रमप्राप्त आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी साधनांविषयी एक सूचना करून थांबतो. सर्पदंशाच्या केसपेपरवर दंशाची वेळ आणि भरतीची वेळ अशा दोन वेळा लिहिण्याचा प्रघात आहे. पोलीस पाटलाच्या वर्दीत दंशाची जागा व प्रसंग येतो. ज्या गावांची ही दोन्ही कागदपत्रे उपलब्ध होतील, तेथे ती एस. टी.च्या जुन्या वेळापत्रकांशी आणि तरीच्या लिलावाच्या कागदांशी ताडून पाहता येतील. मधल्या तासांत रुग्ण कोठे होता, याचे उत्तर गावातील वृद्धांच्या तोंडून घ्यावे लागेल, आणि ते काम आधी हाती घेतले पाहिजे. कागद आणखी काही वर्षे वाट पाहतील.